चीफचा कान

चीफने आयुष्यात कधी काट्याकडे पाहिले नाही. इंजिनावर जे गोल काचेचे मीटर असतात, त्यांतला काटा. लांब दांड्याचा एक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याजवळ असे. त्याचे टोक तो यंत्राला टेकवी, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. मग सांगे, "डावीकडचं बेअरिंग जाणार." आणि ते जात असे. माझा मिक्सर, शेजाऱ्यांची पिठाची गिरणी, गल्लीतली बोअरची मोटर, सगळी त्याची अशी रोगी होती.

अनय आणि रेवा, तुम्ही मला फोनवर विचारलेत, चीफआजोबा शेवटी शेवटी व्हिडिओवर आले की नुसते हात हलवून उठून का जात. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. म्हणून लिहून पाठवते आहे.

चीफ म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, माझा दीर. मालवाहू जहाजांवर तो चीफ इंजिनिअर होता. निवृत्त होऊन सांगलीला आला तेव्हा आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्याने घेतल्या. जयू, त्याची बायको, आधीच गेली होती आणि मूलबाळ नव्हते. समुद्रावर काढलेल्या वर्षांतून त्याने घरी काय आणले म्हणाल तर ती एक सवय: इंजिनरूममध्ये आवाज इतका की बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. तो जेवतानाही तसाच बोले. तळहात वर केला की पुरे, दोन बोटे हलवली की आणखी वाढा.

जयू कधी कधी त्याच्याबरोबर जहाजावर जाई आणि त्यावरून त्याची थट्टा करी. "मी शंभरदा हाक मारली तरी हे उठायचे नाहीत. खाली इंजिनाचा सूर केसभर उतरला की लगेच पायात बूट." तो हसे आणि म्हणे, "वहिनी, काटा फार तर किती फेरे ते सांगेल. इंजिन सुखी आहे की दुःखी, ते कानालाच कळतं." हे त्याचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते. मी परीक्षेचे पेपर तपासायला बसले की तुमचे आजोबा म्हणत, "मार्क राहू दे, मूल सुखी आहे का बघ."

सत्तरी ओलांडल्यावर त्याचा कान जाऊ लागला. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मग सकाळी आंब्यावर येणारे पक्षी गेले. पातळ, उंच आवाज आधी जातात आणि जाड आवाज मागे राहतात, हे मला मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितले. माझ्या स्वतःच्या तपासणीला गेले होते तेव्हा. मी घरी येऊन चीफला स्पष्ट विचारले, "भाऊजी, तुमचीही तपासणी करू या का?" तो म्हणाला, "मला काय झालंय? लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत." पुन्हा विचारले तेव्हा त्याने तळहात वर केला.

अशात इरफान आला. इरफान मिरजेच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांच्या घरातला, चाळिशीचा, हसरा माणूस. त्याचे वडील चीफचे शाळासोबती. त्याने साताऱ्याकडच्या धरणाच्या पाण्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या आणि कुठूनशी एक जुनी बोट आणली होती. तुम्हा मुलांना ती ठाऊक असेल. तिच्यात मुद्दाम वजन भरतात, म्हणजे तिचा मागचा भाग पाण्यात खोल बसतो आणि मागे मोठी लाट उठते. त्या लाटेवर फळीवर उभे राहून, दोरीशिवाय, माणूस घसरत राहतो. पण इरफानची बोट वजन भरले की नाक वर करून जागीच धापा टाकी.

"काका, इंजिनात जीवच न्हाई वो," इरफान म्हणाला.

"इंजिनात आहे. पंखा चुकीचा आहे," चीफ म्हणाला. आमच्याकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात.

त्या दिवशी तो जेवायच्या टेबलावर मला आणि इरफानला एकदमच शिकवत होता. पंख्याच्या पात्यांना पीळ असतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. पीळ जास्त असेल तर एका फेऱ्यात बोट पुष्कळ पुढे जाते, पण इंजिनाला जोर फार पडतो. रिकाम्या, पळणाऱ्या बोटीला तो चालतो. ओझ्याच्या बोटीला कमी पिळाचा, रुंद पात्यांचा पंखा लागतो. "खंडाळ्याचा घाट भरल्या ट्रकने टॉपमध्ये चढशील का?" त्याने विचारले. "न्हाई काका, गेर टाकणार." "मग. हा पंखा म्हणजे पाण्यातला गेर." आणि उलटे झाले, म्हणजे पीळ फारच कमी केला, तर इंजिन मोकाट सुटते, हेही त्यानेच सांगितले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याला माहीत नव्हते असे नाही.

बोटीचे वजन, पाण्याचे वजन, माणसांचे वजन, इंजिनाची ताकद असे सगळे मांडून त्याने एक चार पात्यांचा पंखा निवडला. तो मुंबईहून आला. त्या दिवसांत चीफ पहाटे दाढी करून बसे. जयू गेल्यानंतर गल्लीबाहेरच्या कुणी त्याला बोलावले असे ते पहिलेच काम होते, आणि ते त्याच्याकडे त्याच्या कानाच्या लौकिकावर आले होते. "बघा वहिनी, लॅपटॉपवाले चार जण येऊन गेले, शेवटी कान लागला," असे तो मला दोनदा म्हणाला.

पहिल्या चाचणीला मीही डबे घेऊन गेले होते. पाणी भरायच्या रबरी पिशव्या गळत होत्या, म्हणून इरफानने वजनासाठी मलकापूरच्या तालमीतले सहा पैलवान आणले होते. चीफने त्यांना बोटीच्या मागच्या बाजूला दाटीने बसवले आणि हलायचे नाही म्हणून बजावले.

"आवं काका, आमी काय उसाची मोळी हाय व्हय?" त्यातला एक म्हणाला.

"मोळी बरी. ती पुढे काय चाललंय ते वळून बघत नाही."

"आन् जेवाण कवा?"

"लाट उठल्यावर."

"मग उठवा की लवकर. ह्यो गडी तर सकाळधरनं निस्त्या दुधावर हाय."

इरफान चाकाशी बसला. चीफ इंजिनाचे झाकण उघडून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला कान लावून उभा राहिला. बोट निघाली आणि सुरेख उचलली. मागे गुळगुळीत, हिरवी लाट उभी राहिली आणि बोटीबरोबर चालू लागली. काठावर आम्ही टाळ्या वाजवल्या. बोट परत आली तेव्हा पैलवान खूश होते, इरफान खूश होता. चीफ मात्र कपाळाला आठ्या घालून उतरला.

"कण्हतंय," तो म्हणाला. "नुसतं घुमतंय. वरचा सूर लागतच नाही. पीळ अजून कमी हवा."

इरफानने तोंड उघडले आणि मिटले. काटा अगदी जिथे हवा तिथे होता, हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितले. पण काकांनी मुठीला कान लावला होता. वडिलांच्या मित्राला, ज्याच्यासमोर वडीलसुद्धा खुर्चीवरून उठत, काटा असे म्हणतो म्हणून कसे सांगायचे? त्याला वाटले, काकांना काटा दाखवणे म्हणजे हकीमाची नाडी आपण धरून बघण्यासारखे.

दुसरा पंखा आला, आणखी कमी पिळाचा. पुन्हा पैलवान, पुन्हा डबे. ओझे घेऊन बोट गेली तेव्हाच मला तो आवाज चिरका वाटला. पण मला इंजिनांतले काय कळते, आणि पैलवान तर गाणी म्हणत होते. ते उतरून जेवायला बसले. चीफला समाधान नव्हते. रिकामी बोट एकदा नेऊन बघू म्हणाला.

मी धक्क्यावर उभी होते. बोट काठाकाठाने आमच्या समोरून गेली. चीफ डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे हलत होती: आणखी, आणखी. इरफानने एकदा समोरच्या मीटरकडे पाहिले, एकदा त्या बोटांकडे, आणि वेगाचा दांडा पुढे ढकलला. आवाज चढत गेला. पोळीचा घास हातात धरून पैलवान उभे राहिले. एकाने कानांवर हात ठेवले. मी ओरडले, पण मी ओरडून काय होणार होते? इतक्या किंकाळीत चीफ किंचित हसत होता. त्याला ती किंकाळी पोचतच नव्हती. आतली जाड घरघर तेवढी पोचत होती आणि ती आता त्याला आवडेल अशी झाली होती.

मग एक ठोका बसला आणि सगळे थांबले. बोटीतून काळे तेल पाण्यावर पसरत आमच्यापर्यंत आले.

इरफान सगळ्यांना सांगत होता की इंजिन जुनेच होते, पेट्रोलमध्ये पाणी असणार. पैलवानही "व्हय, व्हय, पेट्रोलच" म्हणू लागले.

आठवड्याने इरफानच्या मिरजेच्या शेडमध्ये इंजिन उघडले. त्याने नको नको म्हटले तरी चीफ गेला, आणि चालायला सोबत म्हणून मला घेऊन गेला. आतला एक दांडा मोडून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला होता. चीफने ते तुकडे हातात घेतले, खिडकीपाशी नेले, उलटेसुलटे करून पाहिले. धातू वाचायला कान लागत नाही.

"इरफान, काटा कुठे होता?"

"काका, चहा सांगू का आधी?"

"काटा कुठे होता?"

इरफानने हातातले फडके खाली ठेवले. मग अगदी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "लाल रेघेच्या लय पलीकडं, काका."

"आणि पहिल्या पंख्याला?"

"बरोबर होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी ऐकत होता ना," इरफान म्हणाला.

त्या वाक्यात टोमणा नव्हता, त्या माणसाच्या अंगी टोमणा नाहीच. म्हणूनच ते इतके खोल गेले असावे. चीफने तुकडे पुसून एका कापडावर ओळीने ठेवले. हात धुतले. घरी येईपर्यंत त्याने माझ्या कोपराला धरले होते, जे त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

त्यानंतर तो स्वतःच म्हणाला, "चला तुमच्या डॉक्टरकडे." कानाला यंत्र बसवले. ते घालून तो अंगणात बसला. पक्षी ऐकू येतात का, मी विचारले. "येतात. पत्र्याचे आहेत." चार-सहा दिवसांनी ते यंत्र डबीत गेले. गिरणीवाला मोटर दाखवायला आला तर हा आतूनच तळहात वर करी. कुणी काही बोलले तर खरे की दिलासा, याचा त्याला भरवसा वाटेना. सगळी गल्ली इतकी वर्षे मोठ्याने बोलत होती, दोनदा बेल वाजवत होती, त्याच्या चुकलेल्या उत्तरांवर मान डोलवत होती. ते सगळे त्याला आता मागे जाऊन जाऊन दिसत असावे. "किती वर्षं, वहिनी?" त्याने मला एकदा विचारले. मी म्हटले, "पाच-सहा." त्याने मान हलवली. कुकर लागला होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. तुम्ही फोनवर हसत होतात, बोलत होतात आणि त्याला तुमचे ओठ तेवढे दिसत होते. म्हणून तो उठे.

पावसाळ्यानंतर इरफानने दुसरे इंजिन बसवले. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने सगळे तपासून चीफचा पहिला पंखाच परत लावला. बोट छान चालली, लाट उभी राहिली. इरफान पेढे घेऊन धावत आला, पण चीफच्या खोलीत जायला धजेना. मीच गेले. त्याच्या समोर बसून, तोंड त्याच्याकडे करून सांगितले की तुमची निवड बरोबर होती. मला वाटले होते, याने तरी थोडे बरे वाटेल.

त्याने ऐकले, नीट ऐकले. मग म्हणाला, "तो मी आकडे मांडून निवडला होता, वहिनी. तसा कुणीही निवडेल. माझा जो होता तो दुसरा."



थंडीत, साध्या तापाने, तीन दिवसांत तो गेला. औषधाला नाही म्हणाला नाही, पण घेतले ते घ्यायचे म्हणून. शेवटच्या दुपारी मी हात धरला तर त्याने तो अलगद सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केले.

लोक येऊन गेल्यावर इरफान एकटाच मागे राहिला. व्हरांड्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "काकू, मी बोलायला पायजे होतं."

सकाळपासून जो तो मला आणि मी ज्याला त्याला 'वय झालं होतं, सुटला' असेच काही म्हणत होतो. त्यालाही तसलेच काही म्हणता आले असते, आणि तो तेवढ्यासाठीच बसला होता.

"हो इरफान," मी म्हटले, "बोलायला हवं होतंस."

त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने उठून आत आला आणि चीफचा पलंग बाहेर काढायला मला हात दिला.