दौऱ्याची फटफटी आणि माझं सव्वा मण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये दात काढायचे नाहीत. फजिती माझी आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही!

हल्लीची पोरं लांबच्या सफरीला फटफटी घ्यायची म्हणजे महिना महिना खल करतात. चालवायची तऱ्हा कशी, बैठक कशी, रस्ता कुठला! जसं काही मोठा शोधच लावला! अहो, आमच्या घरात घोडा असाच घ्यायचे. माझे बाबा होळकरांच्या रिसाल्यात दफेदार. ते म्हणायचे, "आधी स्वार बघावा, मग जनावर." मला अक्षर एक येत नाही, पण हे वाक्य पाठ होतं. त्याच वाक्याने माझा घात केला!

होळकर सरकार जाऊन मध्यभारत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचे हे वजनमापांचे इन्स्पेक्टर. गावोगावच्या मंडीत जायचं आणि वाण्यांचे काटे खरे की खोटे ते बघायचं. कधी बैलगाडीने जात, कधी मोटारीने. बस, चाललं होतं. तेवढ्यात ग्वाल्हेरहून नवे बडे साहेब आले. आल्या आल्या हुकूम! इन्स्पेक्टरकडे दौऱ्याला स्वतःची फटफटी हवी, आणि मंडी उघडायच्या आत तो तिथे हजर हवा. जमत नसेल तर भिंडला बदली!

भिंड! डाकूंचा मुलूख! तिथला वाणी म्हणे काट्याऐवजी बंदूक दाखवतो. आणि यांचा स्वभाव कसा? सायकलवरून जाताना रस्त्यात गाय बसलेली दिसली की हे उतरून घंटी वाजवत उभे राहायचे. एकदा गाय उठलीच नाही, तर हे घरी परत आले. असा माणूस भिंडला दोन दिवस तरी टिकेल का, तुम्हीच सांगा! मी पदर खोचला. म्हटलं, "चला, फटफटी मी निवडते."

छावणीत बब्बू उस्तादचं दुकान होतं. महूच्या फौजेतून निघालेल्या फटफट्या तो दुरुस्त करून विकायचा. त्याने यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"साब, साइकिल कैसी चलाते हो?"

"सांभाळून," हे म्हणाले.

"तो ये छोटी वाली ले जाओ. गऊ है, गऊ!"

"गाय नको!" मी ओरडले. "गाईपाशीच तर आमचं अडतं!"

भित्र्या स्वाराला तट्टू कधी देऊ नये, दोघं मिळून भितात. त्याला असं जनावर द्यावं की वर बसल्याबरोबर छाती आपसूक पुढे आली पाहिजे. आणि ते जनावर कोपऱ्यात उभं होतं. फौजी हिरवा रंग, रुंद छाती. उस्तादने लाथ मारून चालू केली, तर छपराचे पत्रे थरथरले! वर आणखी तिला डाव्या अंगाला एक डोली जोडलेली. साइडकार म्हणतात हो! मी मनातल्या मनात त्या डोलीत बसूनसुद्धा घेतलं. नऊवारी, नथ, पायाशी डबा.

"हीच," मी म्हटलं.

उस्तादने कपाळाला हात लावला. "बाईजी, डोली में सवा दो मण वजन चाहिए. ना कम, ना ज्यादा. कम हुआ तो बाएँ मोड़ पे डोली हवा में उठेगी. ज्यादा हुआ तो गाड़ी पूरे रस्ते बाएँ खींचेगी. सोच लो."

"भिया, मी रिसाल्यातल्या घरची आहे," मी म्हटलं. "जनावर विकायला काढून त्याचे ऐब सांगणारा तू पहिलाच बघितला!"

तर घेतली. दुसऱ्या दिवशी हे डोली रिकामी ठेवून एकटेच चक्कर मारायला निघाले. बडा गणपतीच्या देवळापाशी डावं वळण आलं, आणि डोली उठली की वर! कढईजवळ बसलेल्या कचोरीवाल्याच्या पगडीवरून सरकली म्हणतात. हे घरी आले ते फटफटी ढकलत.

आता हे वजनमापांचेच इन्स्पेक्टर. लगेच हिशेब मांडायला बसले.

"डोलीत तू बसशील. तुझं वजन किती?"

"सव्वा मण," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? लग्नाआधी बाबांनी खंडोबाला नवस फेडला, तेव्हा माझी गुळाने तुला केली होती. बरोब्बर सव्वा मण गूळ लागला. सगळ्या गल्लीने खाल्ला!"

"अगं, त्याला वर्षं झाली. मध्ये दोन बाळंतपणं झाली, डिंकाचे लाडू झाले. एकदा काट्यावर..."

"सवाष्णीला काट्यावर चढवणार? मी काय ज्वारी आहे? आणि देवापुढे झालेलं वजन ते, ते काय बदलतं का?"

यांनी निमूट सव्वा मण लिहून घेतलं. उरलेला एक मण म्हणून गव्हाचं पोतं भरलं. ते पोतं मात्र सरकारी पितळी मापांनी तीनदा तोललं हो! सव्वा आणि एक, सव्वादोन. हिशेब चोख.

मग देपालपुरचा दिवस उजाडला. बडे साहेब स्वतः मंडीत येणार होते. उशीर झाला तर भिंड, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. आम्ही पहाटेच निघालो. डोलीत मी, मांडीवर पायावर पोतं, आणि हे हँडलला लटकलेले.

काय सांगू! फटफटी सरळ जाईचना! सारखी डावीकडे, डावीकडे. रस्ता पश्चिमेला आणि आम्ही शेतात! हे उजवीकडे ओढून ओढून लालबुंद झाले.

"लगाम ढिला पडतोय तुमचा!" मी डोलीतून ओरडत होते. "मांड घट्ट धरा! माझ्या बाबांनी एका हाताने..."

"अगं, हिला लगाम नाही!"

"म्हणून तर म्हणते, स्वारच कच्चा!"

हातोदला तर हद्द झाली. फटफटी आपणहून डावीकडे वळली आणि एका गोठ्यात शिरली. म्हशीने माझ्या मांडीवरच्या पोत्याला तोंड लावलं. आतून म्हातारी बाहेर आली आणि मला बघून हात जोडून म्हणाली, "डाक्टरनी बाई, भैंस तो कल ही ब्या गई." मला गुरांची डाक्टरीण समजली, म्हैस कालच व्याली म्हणून सांगत होती! सांगा, सोसायचं तरी किती?

देपालपुरला पोचलो तेव्हा मंडी भरून वाहत होती. बडे साहेब हातात घड्याळ घेऊन उभे.

"आइए, आइए," ते म्हणाले. "भिंड की तैयारी है?"

"साब, गाडी बाएँ खींचती है," हे धापा टाकत म्हणाले.

साहेब फौजेत राहून आलेले. त्यांनी डोलीकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इसमें वजन कितना है?"

"सवा दो मण, साब."

"तौला किसने?"

"पोतं मी तोललं. बाकी..." यांनी मान खाली घातली. "बाकी घरवाली का बयान है."

सगळी मंडी खो खो हसली! वजनमापांचा इन्स्पेक्टर आणि न तोलता मानून चालला! साहेबांचा चेहरा असा झाला, की मला भिंडच दिसायला लागलं. तेवढ्यात गोवर्धन सेठ पुढे आला. त्याचाच काटा तपासायला तर आम्ही आलो होतो. हात जोडून, गालात हसत म्हणतो, "हुजूर, काँटा टँगा है. बाईजी के लिए गादी बिछा दूँ?"

मी डोलीतून उतरले. यांची नोकरी वाचवायची तर दुसरा उपायच नव्हता. माझा शब्द खरा, तर यांचा हिशेब खरा! "तोला!" मी म्हटलं आणि नथ सावरून पारड्यात जाऊन बसले. खंडोबा साक्षीला होता.

समोरच्या पारड्यात सव्वा मण टाकलं. मी जमिनीवरच. दीड टाकलं. जमिनीवरच. हमाल ओरडताहेत, "और डालो, और डालो!" पोरं झाडावर चढली. शेवटी मी उचलले गेले.

"सवा दो मण!" सेठ ओरडला. "ना शेर कम, ना शेर ज्यादा!"

"काटा खोटा आहे!" मी पारड्यातच उठून उभी राहिले. "चोर आहे हा सेठ! साहेब, जप्त करा काटा! गरिबांना असाच नागवतो हा!"

सेठचं हसू पळालं. काटा खोटा ठरला तर सेठ बुडणार होता. साहेब यांना म्हणाले, "इन्स्पेक्टर, जाँच करो."

यांनी पेटीतून सरकारी पितळी मापं काढली. एकेक चढवली, उतरवली, पारडी बदलून बघितली. मी समोर उभी राहून डोळे वटारत होते. या डोळ्यांना बघून आमच्या गल्लीतली कुत्री रस्ता बदलतात! यांनी काट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत काट्याकडे बघितलं. घाम पुसला.

"काँटा सच्चा है, साब."

इतक्या माणसांत! स्वतःच्या बायकोसमोर! मला धरणी पोटात घेईना, तीही बहुधा वजनाला भ्याली असावी.

साहेबांनी एकदा माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग घड्याळ खिशात टाकून ते म्हणाले, "जो आदमी इन आँखों के सामने काँटा सच्चा बोल दे, उसे भिंड भेजके डाकुओं को क्यों तंग करूँ? यहीं रहो."

म्हणजे बघा! ज्याला मी भित्रा स्वार ठरवून फटफटी निवडली, त्याच्याएवढा छातीचा माणूस त्या मंडीत दुसरा नव्हता!

गव्हाचं पोतं सेठकडेच सोडलं. परत निघालो, डोलीत मी एकटीच. आणि काय सांगू तुम्हाला? ती मेली फटफटी सुतासारखी सरळ चालली! ना डावीकडे ओढली, ना वळणावर उठली. काट्याला खोटं म्हणता येतं हो, पण फटफटीला काय म्हणणार? हातोद येईपर्यंत मी पदराने तोंड झाकून बसले. हे मात्र एका हाताने मिशी पिळत, वर शीळ घालत चालवत होते!

बाबांनी मला स्वार बघायला शिकवलं, जनावर बघायला शिकवलं. पण पाठीवर ओझं किती, ते बघायला काही शिकवलं नाही. आणि ओझं तर मीच होते!