चौकातल्या अकरा काड्या

गेल्या पौषातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता आमच्या शेजारच्या नानांवर अन्याय झाला. कोणी केला ते मी लपवणार नाही. पण आधी नाना कोण ते समजून घ्या, म्हणजे अन्याय केवढा होता ते कळेल.

नानांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नाही. मूळचे धुळ्याकडचे, सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या काट्यांसमोर. काटा जरा सरकला की उठायचं, ही सवय ते निवृत्तीनंतर भुसावळच्या आमच्या कॉलनीत घेऊन आले. इथे काटे नव्हते, म्हणून कोणाची टाकी वाहते, कोणाचा पंखा कुरकुरतो, हे दारोदार सांगत फिरायचे. लग्नात पहिला वरण-भात झाला की पत्रावळीवरून उठायचे. सांत्वनाला गेले तर रडणारी माणसं पाणी आणायला आत जाईपर्यंत हे फाटकाबाहेर. मग हायड्रेंजिया आला आणि कॉलनी सुटली.

आला तो फोनवरून. नानांच्या पत्नीला, आमच्या अक्कांना, नातीने व्हिडिओ पाठवला. समुद्रातलं कुठलंसं बेट, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पुरुषभर उंचीच्या, हायड्रेंजियाच्या निळ्या फुलांच्या भिंती. अक्का म्हणाल्या, "एवढं निळं मी फक्त धुण्याच्या निळीत पाहिलं. एकदा डोळ्यांनी बघायला हवं." अक्कांचे गुडघे घराच्या तीन पायऱ्यांपुढे ऐकत नाहीत, त्यामुळे बेटाचा विषय तिथेच संपायला हवा होता. नानांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीसमोरच्या चौकात, मधल्या गोल बेटावर, कडुनिंबाखाली खड्डे खणायला घेतले. अकरा रोपं त्यांनी महाबळेश्वरकडून एसटीने आणली, त्यातली दोन मांडीवर.

आता विचार करा. जिथे मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते, तिथे थंड हवेचं झाड. नाना दिवसातून चौदा वेळा चौकात. ओली गोणपाटं बांधायची, रावेरहून येणारा केळीचा ट्रक थांबवून पानं मागायची, आणि भर दुपारी रोपावर छत्री धरून स्वतः उन्हात उभं राहायचं. येणारे जाणारे विचारायचे, नाना, कोणाची वाट पाहता? नाना पानाकडे बघत राहायचे.

पहिल्या वर्षी फुलं आली ती गुलाबी. आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत गुलाबीच येणार. अक्का खिडकीतून म्हणाल्या, छान आहेत, पण गुलाबी आहेत. नानांना तीन रात्री झोप नाही. कोणीतरी सांगितलं की तुरटीच्या पाण्याने निळं होतं, तर ह्यांनी बाजारातल्या मारवाडी शेठजींची तुरटीची बरणी रिकामी केली. शेठजींनी विचारलं, "नाना, दाढीची किती दुकानं काढली?" दुसऱ्या वर्षी रंग जांभळ्यावर गेला. अक्का म्हणाल्या, "वांग्याच्या फुलापर्यंत आलात. चालू द्या." तिसरं वर्ष निळ्याचं होतं. ते नक्की होतं. नाना तसं म्हणत नव्हते, पण चौकातल्या फेऱ्या वीसवर गेल्या होत्या.

आणि मग तो रविवार. हायड्रेंजिया थंडीत पानं टाकतो, उरतात नुसत्या तपकिरी काड्या. पुढच्या फुलांचे डोळे त्याच काड्यांवर असतात. नाना आदल्या दिवशी रावेरला लग्नाला गेले होते. अक्कांनी बजावलं होतं, निदान एका लग्नात जिलेबीपर्यंत बसा, मुक्काम करा. ते बसले. पहिल्यांदाच. इकडे आम्ही तरुणांनी 'आपला चौक, आपली जबाबदारी' अशी पत्रकं वाटून स्वच्छता मोहीम काढली. पत्रक मी लिहिलं होतं. नानांची झाडं मेलीच असं धरून, अकरा वाळक्या काड्यांकडे बोट दाखवून "हा कचरा आधी काढा" म्हणणाराही मीच. अक्का खिडकीतून हात हलवत होत्या. आम्हाला वाटलं, कौतुक करताहेत. आम्हीही हात हलवले.

नाना दुपारी आले. घंटागाडी केव्हाच गेली होती. मी समोर उभा राहून माफीचं भाषण सुरू केलं. त्यांनी ऐकलं नाही. वाकून, चौकातल्या नळामागे पडलेली एक काडी उचलली, नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं.

"मरेल नही शे रे," ते म्हणाले. "झोपेल शे."

तिचे त्यांनी चार तुकडे करून तेलाच्या डब्यांत लावले. तीन जगले. पावसाळ्यात मी तिन्ही रोपं चौकात लावली. खड्डे मी खणले, नाना खुर्चीवर बसून होते. हल्ली ते बसतात. वीस फेऱ्यांच्या दोन झाल्या आहेत, आणि त्या माणसाला असं बसलेलं बघवत नाही. फूल यायला अजून दोन वर्षं लागतील असं ते सांगतात. अक्का खिडकीतून विचारतात, "किती आलं?" नाना म्हणतात, "येई राहिनं."

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. तुमच्या चौकातली कोणतीही वाळकी काडी उपटण्याआधी नखाने खरवडून बघा, आणि खिडकीतून कोणी हात हलवत असेल तर जाऊन विचारा. आणि येत्या मे महिन्यात दुपारी आमच्या चौकातून जाणार असाल, तर गाडी थांबवा, उतरा, बाटलीतलं उरलेलं पाणी त्या तीन काड्यांना घाला. पान नसलं तरी घाला.