बुद्धप्रियाचा दाखला

बुद्धप्रियाने आजवर किती जळक्या मोटारी भरल्या, ते तिलाही सांगता यायचं नाही. यंत्रमागाच्या, पिठाच्या गिरणीच्या, वळसंगहून टेम्पोत घालून आणलेल्या विहिरीवरच्या. जळकी तार उकलायची, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार बसवायची. हे तिला वडिलांनी, सिद्रामअण्णांनी शिकवलं. सासर-माहेर एकाच गल्लीत, म्हणून लग्नानंतरही पंधरा वर्षं ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मोटारी भरत राहिली. अण्णा गेले आणि दुकान धाकट्या भावाचं, दिपकचं झालं. कसं झालं, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे खुर्चीवर दिपक, मागे ही. गिऱ्हाईक जाताना म्हणायचं, "दिपकशेठच्या हाताला लई गुण हाय!"

यंदा तिने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. महिलांसाठी कर्जाची योजना होती. बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले आणि अनुभवाचा दाखला मागितला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ती दिपककडे गेली.

"घरच्या माणसाला कसला दाखला, ताई?" तो हसला. "आन् बाईच्या दुकानात मोटार टाकणार कोण?"

आठ दिवसांनी कळलं, त्याच बँकेत, त्याच योजनेत दिपकनेही अर्ज केलाय. बायकोच्या, प्रतिक्षाच्या नावाने. सोबत आपल्याच दुकानाच्या छापील कागदावर दाखला: प्रतिक्षाला मोटारी भरण्याचा दहा वर्षांचा अनुभव! प्रतिक्षा बिचारी स्वभावाने गरीब, पण तिचा मोटारीशी संबंध आला असेल तर मिक्सरच्या, तोही चटणी वाटण्यापुरता. बहिणीची राबलेली पंधरा वर्षं कागदावर चढेनात, आणि बायकोची नसलेली दहा झोकात चढली. असल्याच कागदांची बेरीज करून कुणीतरी भाषण ठोकणार की बायका आता धंद्यात उतरल्या. डोंबल उतरल्या!

बुद्धप्रियाचं डोकं फिरलं. मागच्या खोलीतली आपली हत्यारं तिने पिशवीत भरली आणि सरळ घरी निघून आली.

सोमवारी सकाळी दिपक धापा टाकत तिच्या दारात उभा.

"ताई, बँकेचे साहेब दुकानात पाहणीला आलेत. म्हणतेत, मालकिणीला मोटार भरून दाखवू द्या. प्रतिक्षा रडायलीय. तू चल की, तिची मदतनीस म्हणून बस."

"आदी माझा दाखला आण."

तो तसाच पळाला आणि पाच मिनिटांत शिक्का मारलेला कागद घेऊन गाडीवरून परत आला. तिने वाचला. 'आमच्या दुकानात मदतनीस म्हणून काम केले आहे.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मदतनीस? तुला वेढे मोजायला कुणी शिकवलं रे? खोड ते."

दिपकने निमूटपणे खोडलं. वर 'कारागीर' लिहिलं, पंधरा वर्षं लिहिली, शेजारी सही केली. तिने कागद पुन्हा एकदा नीट वाचला, पर्समध्ये ठेवला आणि दाराला कुलूप घातलं.

"बस लवकर," दिपक गाडी चालू करत म्हणाला.

"तू जा. मी बँकेत चाललीय."

"आन् साहेबांना काय सांगू?"

"दहा वर्षांचा अनुभव हाय की तिला," बुद्धप्रिया म्हणाली. "भरंल ती."