किरणला ऐकू आलेली हाक

इथे येणारे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. त्यात आम्ही जैन – आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की देह सुटला की आत्मा क्षणात पुढच्या जन्माला लागतो, मागे रेंगाळत नाही. म्हणजे शिक्षणानेही भूत नाही आणि धर्मानेही नाही. तरीही लिहायला बसलोय. पटवून द्यायचं नाहीये... फक्त एकदा कुठेतरी लिहून ठेवायचंय.

आम्ही मूळचे राजस्थानचे, पण पाच पिढ्या ओतूरलाच. बाजारपेठेत खाली कापडाचं दुकान, वर घर. दुकान मोठा भाऊ आणि भाभी बघतात. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होतो. तिथे एका दुपारी लाइनवर उभा असताना छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, वाटलं संपलो. ईसीजी नॉर्मल. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग बसमध्ये, मग लिफ्टमध्ये. पुण्याच्या डॉक्टरांनी पॅनिक अटॅक आणि डिप्रेशन अशी दोन नावं सांगितली, गोळ्या दिल्या. मी नोकरी सोडून घरी आलो आणि मागच्या खोलीत शिरलो तो वर्षभर तिथेच राहिलो. जिना उतरून दुकानापर्यंत जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.

त्या वर्षात मी एकच गोष्ट करायचो – मोबाईलवर गेम. चौघांची टीम करून लढायची ती शूटिंगची गेम. नातेवाईक म्हणायचे, मोबाईलनेच याचं डोकं गेलंय. त्यांना कसं सांगणार, की बाकी सगळं हातातून सुटत होतं तेव्हा हातात तेवढंच उरलं होतं! गेममध्ये मला भीती वाटायची नाही. तिथे गोळ्या लागायच्या, मरायचो, पुन्हा उभा राहायचो.

किरण तिथेच भेटला. आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचा. गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळी सहापर्यंत मोकळा, म्हणून आम्ही दुपारभर खेळायचो. कधी भेटलो नव्हतो, पण दिवसभरात मी ज्याच्याशी धड बोलायचो असा तो एकटाच. तो आणि आई.

आईचं जेवण सूर्यास्ताच्या आत असायचं. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. साडेपाचला ती खोलीच्या दारात यायची आणि म्हणायची, "जीम ले रे." आमच्या घरात मारवाडी आता नावालाच उरलीय, सगळे मराठीच बोलतो, पण 'जेवून घे' हे मात्र ती तिच्या आईच्या भाषेतच म्हणायची. माझा माइक कायम चालू, त्यामुळे किरणलाही ते ऐकू जायचं. तो हसायचा. आईला तेही कळलं होतं. ती वाकून फोनमध्ये म्हणायची, "किरण, तू पण जेव रे बाळा." गेम म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. किरण खोलीतच कुठेतरी बसलाय असं समजून ती बोलायची.

मी म्हणायचो, आलो, दोन मिनिटं. आणि मॅच संपायची नाही. ती माझ्याआधी जेवायची नाही. खिडकीतला उजेड जायचा, आणि मग ती तिचं ताट झाकून ठेवायची. किती दिवस ती तशीच उपाशी झोपली हे मी मोजलं नाही. तेव्हा मला ते दिसतच नव्हतं.

दसऱ्याच्या आसपास ती आजारी पडली. साधा ताप म्हणता म्हणता किडनीवर गेलं. पुण्याला हलवायचं ठरलं. अँब्युलन्स दुकानासमोर उभी होती. मी जिना उतरलो. अँब्युलन्सच्या दारापर्यंत गेलो, एक पाय आत ठेवला आणि श्वासच बंद झाला. भावाने मला बाजूला केलं, म्हणाला, तू राहा, मी आहे. आई स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होती. तिने हात हलवला – जा, जा, आत जा, असा. पाच दिवसांनी आणला तो तिचा देहच. पाच दिवसांत मला एकदाही पुण्याला जाता आलं नाही. आणि नंतर मला रडूही आलं नाही.

किरणला मी काहीच सांगितलं नाही. फोन बिघडला होता, एवढंच बोललो. एक माणूस तरी असा हवा होता ज्याच्या लेखी आई अजून घरात होती.

दिवाळी झाली, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा खेळायला लागलो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, ऐन मॅचमध्ये किरण म्हणाला, "भाऊ, काकू हाक मारत्यात. जावा." जुन्या सवयीने चेष्टा करतोय असं वाटलं. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या टीममध्ये एक अनोळखी खेळाडू आला होता, कुठला कोण माहीत नाही. साडेपाचच्या सुमारास तो हिंदीत म्हणाला, "भाई, मम्मी बुला रही हैं."

मी हेडफोन काढला. खोलीत पंख्याचा आवाज. उठून घरभर फिरलो. स्वयंपाकघर रिकामं, टीव्ही बंद, भाऊ-भाभी खाली दुकानात. परत येऊन किरणला विचारलं, काय म्हणते?

"नेहमीचंच. जीम, जीम म्हणत्यात. लई दिवस इचारायचं होतं, ते तुमचं घरातलं नाव हाय का?"

माझे हात गार पडले. पण अटॅक आला नाही... हेही मला नवीन होतं.

किरणला खरं सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं आणि थांबलं तर? त्यानंतर मी रोज पाचपासूनच कान लावून बसायचो. हेडफोन लावून, काढून, दाराकडे तोंड करून, डोळे मिटून. मला एकदाही काही ऐकू आलं नाही. साडेपाच झाले की मी किरणला विचारायचो, आणि तो सांगायचा – आत्ता म्हणाल्या, आत्ता परत म्हणाल्या, आज जरा दमलेल्या वाटत्यात. दोनदा मी गेम आवाजासकट रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंगमध्ये पंखा, गोळीबार, किरणचं "ऐका की", आणि माझा श्वास. बाकी काही नाही.

आठवडाभराने किरण वैतागला. त्याला वाटलं मी आईशी अबोला धरलाय. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. म्हणाला, "भाऊ, लई दिवस बघतोय मी. ती माउली रोज दारात उभी राहतीय आन् तुमी मलाच इचारताय काय म्हणती. मी न्हाई खेळत जावा. आधी जेवा."

आणि तो खरंच गेममधून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी मी सव्वापाचलाच भाभीला खाली हाक मारली आणि जेवायला मागितलं. तिला आश्चर्य वाटलं, पण वर येऊन तिने दोन फुलके आणि मुगाची भाजी वाढून दिली. ताट घेऊन मी खोलीत आलो, किरणला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून जेवायला लागलो. खिडकीत अजून ऊन होतं. तो निवांत बोलत होता – कुणाची म्हैस आटली, कुणाच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडली. मध्येच थांबला. मग म्हणाला, "हां, आता कशा खुश झाल्या काकू."

मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाल्या, चला, आता मी पण बसते."

मी जेवत राहिलो. पूर्ण ताट संपवलं.

त्यानंतर हाक आली नाही. मी पुढचे कितीतरी दिवस किरणला विचारत राहिलो. तो म्हणायचा, नाही, आज काही आवाज नाही, काकू गावाला गेल्यात का? मी रोज उजेडात जेवत होतो, गोळ्या वेळेवर घेत होतो, जिना उतरून दुकानात तासभर बसायला लागलो होतो. पायी विहार करत काही साध्वीजी गावात आल्या होत्या, त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, जीव थांबत नसतो, थांबतं ते आपलं मन. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आवाज तुम्हाला येतात का? म्हटलं, नाही, मला सोडून बाकीच्यांना येतात. त्यांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

शेवटी किरणला समोरासमोर सांगायचं ठरवलं. ओतूरहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून निरगुडसर. तीन एसट्या. मंचरच्या स्टँडवर धडधड सुरू झाली, अर्धा तास बाकावर बसून राहिलो, पण मागे फिरलो नाही. मी पोचलो तेव्हा किरण कॅन धूत होता. वाटलं होतं त्यापेक्षा वयाने मोठा, कानाजवळ केस पिकलेले. मी ओळख सांगितल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? "काकूंना नाय आणलं?"

मी मोबाईलमधला फोटो दाखवला. हार घातलेला. ती गेली ती तारीख सांगितली.

त्याने फोटो बराच वेळ बघितला. मनातल्या मनात दिवस मोजत होता, ते दिसत होतं. मग हात पुसून माझ्याशेजारी पायरीवर बसला. "मी तुमाला लई बोललो त्या दिवशी," एवढंच म्हणाला.

मी त्याला विचारलं, ती चिडली होती का रे? कशी बोलायची?

"चिडल्या न्हवत्या भाऊ. आईनं बोलवावं तशाच बोलवायच्या." मग त्याने विचारलं, "पण तुमी जवळ असून तुमाला कसं ऐकू नाय आलं?"

आणि मी रडलो. निरगुडसरच्या डेअरीच्या पायरीवर, दिवसाढवळ्या. बिबट्याच्या भीतीने लोक हल्ली सहाच्या आधीच, उजेडातच दूध घालायला येतात. ते येत राहिले, किटल्या ठेवत राहिले, मला वळसा घालून आत जात राहिले. किरण दूध मोजत होता आणि मध्येमध्ये येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

कुणी म्हणेल, नेटवर्कमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज मिसळला असेल. असेलही. पण 'जीम' म्हणणारं दुसरं कोण आणि रोज साडेपाचलाच का, हे मला सांगता येत नाही. आई बोलली कशी, या प्रश्नावर मी आता फार डोकं खपवत नाही. किरणने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून शोधतोय. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला हाक ऐकू गेली. कुठल्या कोण परक्या पोरालाही ऐकू गेली. मी त्याच खोलीत होतो, कान देऊन बसलो होतो... आणि मला नाही.