पानाखाली लिहिलेले ‘रुजू’

माघातल्या एका बुधवारी सकाळी विसूभाऊ ठाण्यास वारले. मला कल्याणास शुक्रवारी पत्र आले. मी वर्गात होतो. पत्र वाचून अंगरख्याच्या खिशात ठेवले आणि मुलांना राहिलेले उदाहरण घातले.

याला आता सहा आठवडे होत आले. त्यांच्याविषयी कोठे चार ओळी छापून आल्या नाहीत, आणि आपण छापण्याजोगे काही केले असे त्यांनाही कधी वाटले नसते. ते ठाण्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते. दावे, हुकूमनामे, खरेदीखते यांच्या नकला करून देणे हे त्यांचे काम. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचेच लिहिलेले लिहिले. तरी आज जे वकील आणि मुनसफ म्हणून ओळखले जातात, त्यांतल्या काहींच्या घरी, कपाटाच्या मागच्या रांगेत, विसूभाऊंच्या हातचे एखादे पुस्तक असेल. त्यांनी ते पाहुण्यांना दाखवले नसेल, इतकेच.

आमच्यासारख्यांची अडचण थोडक्यात सांगतो. माझे वडील कल्याणच्या बंदरावर गलबतांचा माल टिपून घेण्याचे काम करीत. आगगाडी आल्यावर बंदराचा धंदा बसला आणि वडीलही बसले. मी मॅट्रिक झालो, स्कॉलरशिप मिळाली, तीत कॉलेजची फी भागली. जेवणासाठी मुंबईत सात वारांची सात घरे लावून घेतली. राहिली ती पुस्तके. ती विलायतेहून येत, आणि एका पुस्तकाच्या किमतीत आमच्या घरी महिन्याचे धान्य आले असते. तेव्हा कोणी तरी सांगितले की ठाण्यास टेंभी नाक्याजवळ एक कारकून राहतात, त्यांच्याकडे जा. ते पैसे देत नाहीत, पण पुस्तक देतात.

मी गेलो. दोन खोल्यांचे भाड्याचे घर. ओटीवर उतरते मेज आणि त्यापुढे मांडी घालून बसलेले विसूभाऊ. एखाद्या सधन विद्यार्थ्याचे पुस्तक ते सुट्टीपुरते मागून आणीत आणि कचेरीला जाण्यापूर्वी रोज आठ पाने उतरवून काढीत. दौतीतली शाई त्यांच्या पत्नी, आम्हा मुलांच्या काकू, घरीच करीत, आणि पाने पुरी झाली की दोऱ्याने शिवून त्याच पुठ्ठा लावीत. नवल असे की विसूभाऊंना इंग्रजी येत नव्हते. अक्षरे तेवढी ओळखत. त्रिकोणमितीचे अख्खे पुस्तक ते आकृत्यांसकट उतरवीत आणि त्यातला एक शब्द त्यांना कळत नसे. मी आश्चर्य केले तेव्हा आतून काकू म्हणाल्या, “येत नाही तेच बरं आहे. येत असतं तर वाचत बसले असते, आणि तुम्हा मुलांना पुस्तक मिळालं असतं पुढच्या जन्मी.”

कचेरीतला एक रिवाज त्यांनी ओटीवरही ठेवला होता. नक्कल झाली की मुळाशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. तिला रुजुवात म्हणतात. ताडून झाले की पानाखाली ‘रुजू’ असे लिहायचे. ते लिहिल्यावाचून कागद कचेरीबाहेर जात नाही. पुस्तकाच्या रुजुवातीला ते त्या त्या विद्यार्थ्यालाच शेजारी बसवीत. म्हणत, “मी आकार पाहतो. अर्थ तू पाहा. दोघांनी मिळून एक माणूस होतो.”

माझ्या पुस्तकाची रुजुवात वैशाखात झाली. मूळ पुस्तक दुसऱ्या दिवशी परत जायचे होते. निम्मे झाले आणि कचेरीतून शिपाई आला. साहेबांनी बोलावले होते. विसूभाऊ पगडी घालून निघाले. जाताना म्हणाले, “चाळीसेक पानं आहेत. मोरेश्वरा, सावकाश कर. मी येईपर्यंत नाही झालं तरी चालेल.” ते गेले. तळ्याकाठी त्या दिवशी कुस्त्या होत्या, आणि ढोल ओटीपर्यंत ऐकू येत होता… मी चाळीस पानांखाली ‘रुजू’ लिहिले. एकही पान ताडून पाहिले नाही. शाई वाळेपर्यंत थांबलो आणि कुस्त्या पाहायला गेलो. संध्याकाळी विसूभाऊंनी पाने चाळली, प्रत्येकाखालचे माझे अक्षर पाहिले आणि पुस्तक शिवायला काकूंकडे दिले.

पुढे कॉलेजात मला हिवताप आला आणि तीन आठवडे व्याख्याने चुकली. ती चुकली तरी माझ्याजवळ पुस्तक होते, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रीव्हियसच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, परीक्षेत गणिताच्या पेपरात दोन प्रश्न असे आले की ते मी कधी पाहिलेच नव्हते. नापास झालो. स्कॉलरशिप गेली. निकालानंतर एका सोबत्याचे छापील पुस्तक उघडून पाहिले, तेव्हा माझ्या प्रतीत, त्या चाळीस पानांच्या मधलीच, दोन पाने नाहीत असे आढळले. विलायती पुस्तकांची पाने कडेला जोडलेली येतात, ती कापून घ्यावी लागतात. मूळ पुस्तकाच्या मालकाने ती कधी कापलीच नव्हती. विसूभाऊंनी कापली, त्यांतली एक जोडी तशीच राहिली. आकार पाहणाऱ्याला ते कळणे कठीण होते. अर्थ पाहणाऱ्याला वाक्य मध्येच तुटलेले दिसले असते.

मी रागाने ठाण्यास गेलो. राग कोणावर होता हे मला ठाऊक होते, पण बोललो त्यांना. प्रत पुढे टाकली आणि म्हणालो की यात दोन पाने नाहीत. ते बराच वेळ पाने पुढे-मागे करीत राहिले. मग हळू आवाजात त्यांनी विचारले, “आणि रुजुवात?”

“झाली होती,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पानाखालच्या ‘रुजू’कडे पाहिले. म्हणाले, “मग चूक माझीच. तू नवशिका. मला कळायला हवं होतं.”

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, असे स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. दुसरेही एक सांगतो, की ती दोन पाने असती तरी मी पास झालोच असतो असे नाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्हींचा उपयोग नाही.

त्यानंतर विसूभाऊंनी इंग्रजी शिकायला घेतले. वयाची चाळिशी उलटलेली. शेजारच्या मुलांबरोबर पहिले पुस्तक घेऊन बसत. मुले हसत. एकाने म्हणे विचारले, “आजोबा, तुम्ही कुठल्या इयत्तेत?” यांनी उत्तर दिले, “तुझ्या खालच्या. मला दटावू नकोस म्हणजे झालं.” चार-पाच वर्षांत त्यांना वाचता येऊ लागले, आणि काकूंनी थट्टेत म्हटलेले खरे झाले. आता ते प्रत्येक वाक्य समजून घेऊन मग लिहीत. अडले की कोशात पाहत, नाही तर कोणा वकिलाच्या दारी जाऊन विचारत. आठ पानांची तीन झाली. पूर्वी वर्षाला चार-पाच पुस्तके होत, ती दीडावर आली. किती तरी मुले ओटीपर्यंत येऊन परत गेली. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. ती पुढे काय झाली हेही ठाऊक नाही. मी कल्याणास शाळामास्तर झालो, हुशार मुले हेरून त्यांच्याकडे पाठवीत राहिलो, आणि ‘आता एकच पुस्तक होतं रे’ असे ते म्हणत तेव्हा मान हलवीत राहिलो. अठरा वर्षे.

गेल्या मार्गशीर्षात शेवटचा भेटलो. सांगायचे असे ठरवूनच गेलो होतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कागद नाकाशी धरून लिहीत. धोंडू नावाच्या मुलासाठी बीजगणित चालले होते. त्याचा बाप खाडीकाठच्या मिठागरात कामाला. काकू सांगू लागल्या की हा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा अंगणातच उभा राहिला, वर येईना. हे खाली उतरले आणि त्याच्याजवळ पायरीवर बसून रुजुवात सुरू केली. “शेजारणीनं नाक मुरडलं. मी म्हटलं, मुरडा, तुमचंच आहे.” विसूभाऊ हसले. मग मला म्हणाले, “चार पानं वाच. मी बोट ठेवतो.” मी वाचली. मधेच बोट थांबवून ते म्हणाले, “ती दोन पानं, मोरेश्वरा… तू तर ताडून पाहिली होतीस. मग दोघांच्याही नजरेतून कशी गेली? मला अजून उलगडत नाही.”

काकू तेथेच होत्या. धोंडू पायरीवर होता. मी म्हणालो, “जुनी गोष्ट झाली, विसूभाऊ.” आणि पुढची ओळ वाचली.

जे सांगायचे होते ते मी येथे लिहिले आहे. त्यांना वाचता येत होते तेव्हा लिहायला हवे होते.

त्यांचे दिवस झाल्यावर काकूंनी अर्धवट राहिलेले बीजगणित आणि उतरते मेज माझ्या स्वाधीन केले. म्हणाल्या, “मेज परत नको. पुस्तक मात्र त्या मुलाला द्या.” मी रोज सकाळी शाळेपूर्वी पाच पाने उतरवितो. माझे अक्षर त्यांच्यासारखे नाही. कोठून हात बदलला ते कोणालाही दिसेल. रविवारी धोंडू कल्याणास येतो. आम्ही शेजारी बसून ताडून पाहतो. ‘रुजू’ तो लिहितो, मी लिहीत नाही.

बीजगणिताची साठ पाने राहिली आहेत. माझी जुनी प्रत कपाटात आहे. तिच्यातल्या चाळीस पानांखाली माझ्या हातचे ‘रुजू’ आहे.