काश्का कुणाला हाक मारतो

एसेनकुलचे कान गेले तेव्हा अर्पाच्या कुरणावरच्या लोकांनी सांत्वन केलं ते त्याच्या बायकोचं. त्याच्याशी बोलायचं कसं, हेच कुणाला कळेना. घोड्या विण्याचे दिवस होते, त्याला ताप भरला. ताप उतरला आणि जाताना ऐकू येणंही सोबत घेऊन गेला.

दुसऱ्या कुणाचे गेले असते तर एवढं वाटलं नसतं. ह्या माणसाचा सगळा संसारच कानावर चाललेला. तंबूत बसून चहा पिता पिता तो बाहेरच्या कळपाची खबर सांगायचा. लांबट, वर चढत जाणारी खिंकाळी आली की म्हणायचा, "पिवळीला शिंगरू सापडत नाहीये." तुटकी किंकाळी आली की, "थोरल्या नराने कुणाला तरी दम दिला." एकदाच जोरात फुरफुरून घोडे गप्प झाले की मात्र पेला खाली ठेवून बंदूक उचलायचा. आणि एक आवाज असा होता की त्यासाठी तो चहा गार होऊ द्यायचा. घोडी आपल्या शिंगराला जवळ घेते तेव्हा तोंड मिटून, घशातल्या घशात, नाकपुड्या थरथरवत घुमते, तो आवाज. एसेनकुल म्हणायचा, घोडं बाकी सगळ्या आवाजांत लबाडी करेल, ह्यात नाही करणार.

शर्यतीचा घोडा तयार करणं हे त्याच्या घराण्याचं काम. त्याच्या हाताखालून गेलेले घोडे चार दऱ्यांत नावाजलेले होते. पण कळप आता त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाच्या मुलाचा, ताशतेमिरचा. ताशतेमिर वाईट मुळीच नव्हता, फक्त उतावळा होता, आणि उतावळ्या माणसाला दया आली की तो समोरच्याला विचारत बसत नाही.

"आबाकेंनी पुष्कळ केलं," तो काकूला, बातमाकानला म्हणाला. काकाला तो आबाके म्हणायचा. "आता नारिन शहरात मुलीकडे राहू दे त्यांना. पक्कं घर आहे, चूल आहे, खिडकी आहे. काश्का घोडा ह्या वर्षी तयार करायला किदिरकडे देतो."

बातमाकानने हे सगळं नवऱ्याला खुणांनी सांगितलं. बोटांनी हवेत चौकोन काढला आणि तळहातावर डोकं टेकवून दाखवलं.

"खिडकीतून काय बघू?" एसेनकुल म्हणाला. कान गेल्यापासून तो मोठ्याने बोलायचा. "समोरच्याची खिडकी?"

मग तो ताशतेमिरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "शरदात पलीकडच्या दरीत म्हाताऱ्या बेगालीची आश आहे, वर्षश्राद्धाची. मेजवानी मोठी, शर्यतही मोठी. काश्काला मीच तयार करणार. तो पहिला आला नाही तर तुला काही बोलावं लागणार नाही. माझं गाठोडं मी बांधीन आणि त्या खिडकीत जाऊन बसेन."

ताशतेमिरने मान डोलावली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि काकाच्या तोंडावर तेवढी त्याची छाती नव्हती.

तो उन्हाळा एसेनकुलचा फार वाईट गेला, हे आधी सांगतो. पहाटे बाहेर यायचा तर कळप मुका. शेकडो टापा आणि एकही वाजत नाही. पहिले काही दिवस तो नुसता कुंपणाला टेकून बसला आणि रडला, आणि ते कुणापासून लपवलंही नाही. मग रडून काही होत नाही म्हटल्यावर बघू लागला. एवढी वर्षं कान काम करत होते म्हणून डोळे आळशी झाले होते. आता त्यांना जुंपलं. घोड्याचा एक कान चरताना कुणीकडे वळलेला राहतो, शेपटी कधी सैल असते आणि कधी पुठ्ठ्याला चिकटते, खालचा ओठ लोंबला म्हणजे समाधान आणि आवळला म्हणजे काळजी, मागचा पाय विसाव्याला टेकलाय की दुखतोय म्हणून उचललाय. हळूहळू मुका कळप बोलायला लागला.

सवय इतकी लागली की तो माणसांकडेही तसंच बघू लागला. "माणसाला कान हलवता येत नाहीत, ही मोठी पंचाईत आहे," तो बायकोला म्हणाला. "पण ताशतेमिर खोटं बोलताना पाय बदलतो."

"आणि मी?" तिने हातानेच विचारलं.

"तू खोटं बोलतच नाहीस म्हातारे. म्हणून तर घरात एवढी भांडणं."

काश्का म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेला खच्ची केलेला तांबडा घोडा, लांब पायांचा, मनाने हळवा. कुरणावर तो कायम सारालाच्या मागे मागे असायचा. साराला ही बातमाकानची दुभती घोडी, वयाने उतरलेली, अंगावर पिवळे-पांढरे ठिगळ. आशला निघताना एसेनकुलने घराण्याच्या रीतीप्रमाणेच केलं: शर्यतीचा घोडा माद्यांपासून लांब. सारालाला तळावर दुधासाठी ठेवलं, काश्काला खिंड ओलांडून आणलं. घाम उत्तम उतरत होता. आधी दुधासारखा गढूळ, फेसाळ येत होता, आता बोटावर घेतला तर पाण्यासारखा नितळ, म्हणजे घोडा तयार. एसेनकुलने जिभेला लावून पाहिला आणि समाधानाने थुंकला.

चूक तिथेच झाली होती, आणि ती अट्टल जाणत्याची चूक होती. रीत पाळली आणि घोडा पाहायचा राहिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो काश्काच्या बरगड्यांवर तळहात ठेवून श्वास तपासत होता. एकाएकी हाताखालचं पोट थडथडलं. श्वास असा थडथडत नाही. त्याने वर पाहिलं. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या.

"हा खिंकाळतोय?" त्याने ताशतेमिरला विचारलं. "कधीपासून?"

ताशतेमिर हसला, आणि काल सूर्य जिथे मावळला तिथून बोट फिरवत आत्ताच्या सूर्यापर्यंत आणलं. भोवती मंडळी खुशीत होती. किदिर तर मांडीवर थाप मारत होता. तो दुसऱ्या दरीतला घोडे तयार करणारा, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. ताशतेमिरच्या आमंत्रणावरून नुसता बघायला आला होता म्हणे. सगळ्यांचं एकच मत: घोडा पेटलाय, धावायला तळमळतोय, उद्या आग लावणार.

त्यांना आवाज ऐकू येत होता, म्हणून त्यांनी घोड्याकडे पाहिलं नव्हतं.

एसेनकुलने पाहिलं. धावायला आसुसलेला घोडा पुढचे पाय नाचवतो, त्याचे कान क्षणाक्षणाला फिरतात, शेजारच्या घोड्यांवर, मैदानावर. ह्याचे दोन्ही कान एकाच दिशेला रोवलेले. शर्यतीच्या वाटेला पाठ आणि तोंड खिंडीकडे. पोट थडथडायचं, मग मान उंच करून तो तसाच थांबायचा, पापणीही न हलवता. मग मान उतरायची. पाण्याची बादली तशीच भरलेली. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

तो हाक मारून उत्तराची वाट बघत होता.

हाक मारायची आणि पलीकडून काहीच येत नाही, हे काय असतं ते त्या मैदानावर एसेनकुलइतकं कुणाला माहीत होतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याने घोड्याच्या कपाळावर कपाळ टेकवलं. "मला माफ कर रे," तो म्हणाला. "तू ओरडत होतास आणि मी तुझा घाम चाखत बसलो."

मग ताशतेमिरकडे वळला. "मी खिंडीपलीकडे चाललो. सारालाला घेऊन येतो."

"घोडी? शर्यतीच्या मैदानात?" ताशतेमिर पुढे होऊन काकाच्या तोंडासमोर, ओठ वाचता येतील असा एकेक शब्द फोडून बोलू लागला. "आबाके, लोक हसतील. आजवर कुणी असं केलंय का?"

"पैज कुणी लावलीय? मी. खिडकीत कोण बसणार? मी. मग हसू दे त्यांना. उसना घोडा दे."

सकाळी घोडे आरंभाच्या जागी न्यायच्या आत तो परत आला, सारालावर बसून. मागून दुसऱ्या घोड्यावर बातमाकान, दूध काढायचं राहिलं म्हणून सगळ्या वाटेभर नवऱ्याच्या पाठीला बोलत आलेली. त्याला एक अक्षर कळलं नाही, आणि तिला ते माहीत होतं, म्हणून मोकळेपणाने बोलली.

काश्काने सारालाला पाहिलं. नाकाला नाक लागलं. घोड्याचा आवळलेला ओठ सुटला, शेपटी सैल झाली, त्याने अंग झटकलं आणि बादलीत तोंड घालून पाणी प्यायला.

किदिर काहीतरी म्हणाला आणि भोवतीचे फुटून हसले. "आई आणलीय दूध पाजायला!" असं ते होतं, पण एसेनकुलला फक्त त्याचे खांदे हलताना दिसले.

"काय म्हणालास ते बायको सावकाश सांगेल," एसेनकुल म्हणाला. "उत्तर आत्ताच घे. थोडं हसू दुपारसाठी राखून ठेव, तेव्हा लागेल."

स्वार होता झुमाश, तिशीतला गडी, वजनाला मेंढराएवढा. एसेनकुलने त्याचा चाबूक काढून घेतला.

"अरे, चाबकाशिवाय?" झुमाशने हात पसरले.

"जाताना तो मागे वळून बघेल, बघू दे. तिथून घोडे सुटले की गर्दीत मधोमध ठेव, ओढाओढी नको. शेवटच्या टेकडीपाशी आलास की लगाम पूर्ण सोड. मग तू फक्त पडू नकोस, बाकीचं त्याचं तो बघेल."

घोडे दरीच्या तोंडाकडे गेले. तिथून मैदानाकडे उलटं धावायचं होतं. वाटेत ओढे, दगड, आणि शेवटी ती टेकडी, तिच्यामागचं काही दिसत नाही अशी. एसेनकुल सारालावर बसून निशाणापाशी थांबला. शेजारी ताशतेमिर, रिकिबीत सारखे पाय बदलत. दुपार झाली. पहारेकऱ्याने घोडे ओढ्यापाशी आल्याची खूण केली आणि सगळं मैदान उठलं. बायका, म्हातारे, पोरं, सगळे आपापल्या आजोबा-पणजोबांची नावं घेऊन ओरडत होते. त्या गदारोळात कानवाला आणि बहिरा सारखेच होते.

एसेनकुल टेकडीकडे बघतच नव्हता. तो सारालाच्या कानांकडे बघत होता. ते सैल, दोन बाजूंना पडलेले. म्हातारी डुलक्या घेत होती.

मग ते कान एकदम उभे राहिले.

मान वर आली. तिचं सगळं अंग त्याच्या मांड्यांखाली ताठ झालं, आणि तळापासून काहीतरी निघालं, पोटातून छातीत, छातीतून मानेत, इतकं जोरात की रिकिबी थरथरल्या. म्हातारी घोडी खिंकाळत होती. आणि एसेनकुलला ते कळलं, मांड्यांतून, कण्यातून, दातांतून. मुक्या उन्हाळ्यानंतर कुणीतरी त्याच्या अंगात शिरून बोललं.

"आला," तो म्हणाला.

ताशतेमिरने टेकडीकडे पाहिलं. रिकामी होती. त्याने काकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आला म्हणतो ना. हिने ओळखलाय."

टेकडीच्या माथ्यावर धूळ उठली आणि तिच्यातून एक घोडा वर आला. एकटा. कपाळावर पांढरा पट्टा. लगाम मानेवर मोकळा पडलेला, झुमाश आयाळीला गोचिडासारखा चिकटलेला, आणि घोड्याचे दोन्ही कान पुढे. थकलेल्या घोड्याचे कान पडतात. ह्याचे सरळ सारालावर रोखलेले होते. मागून बाकीचे घोडे माथ्यावर आले तोवर तो निम्मा उतार उतरला होता. किदिर चाबूक हवेत धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. बातमाकान, जी नवऱ्याचं नाव जन्मात कधी घेत नाही, ती चक्क "एसेनकुल! एसेनकुल!" म्हणून ओरडत होती, आणि ते ऐकू आलं नाही ते फक्त त्याला.

काश्का निशाण ओलांडून थांबलाच नाही. तो सारालाच्या खांद्याशी येऊन तिच्या मानेला नाक लावून उभा राहिला, भात्यासारखा धापा टाकत. आणि एसेनकुलला मांड्यांखाली आता अगदी बारीक थरथर जाणवली, तोंड मिटून केलेली, घशातल्या घशातली. ते फक्त त्याला कळलं. तो हसत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

लोक गोळा झाले. कुणीतरी त्याच्या खांद्यांवर भरजरी झगा टाकला. ताशतेमिर खाली उतरला आणि काकाला तोंड नीट दिसेल असा समोर आला.

"आबाके," तो सावकाश म्हणाला, "पुढच्या वर्षासाठी कुठली शिंगरं पकडायची?"

"तळावर चल. दाखवतो. आणि ह्यापुढे घोडं ओरडलं की मला सांगत जा."

ताशतेमिरने मान खाली घातली. मग त्याने सारालाचा लगाम हातात घेतला. कुणी आपला लगाम धरून पायी चालावं, हा मान आपल्याकडे सगळ्यांनाच मिळत नाही. साऱ्या मैदानादेखत तो काकाला घेऊन मानकऱ्यांच्या रांगेकडे निघाला, आणि दुसऱ्या बाजूने काश्का दाव्याशिवाय आपण होऊन चालत राहिला. मध्यावर आल्यावर एसेनकुल रिकिबीत उभा राहिला आणि त्याने आजोबांच्या नावाची आरोळी ठोकली. आपण किती मोठ्याने ओरडलो हे त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. खिंडीपलीकडची कुत्री भुंकायला लागली.