झेल होईपर्यंत थांबायचं

आमच्या ह्यांचं ठाम मत आहे की बायकोच्या पोटात काही राहत नाही. खरंच आहे म्हणा. रिक्षावाल्याशी झालेलं भांडणसुद्धा मी मांजलपूरची अख्खी सोसायटी गोळा करून सांगते. पण एक गोष्ट राहिली. ह्यांना नाही सांगितली, आईला नाही, मुलीला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या भाजी घेताना तुमची-माझी गाठ पडायची नाही.

गोष्ट सॉफ्टबॉलची आहे. हसू नका — तेव्हाही लोक हसायचेच. नव्वदीची सुरुवात होती, घरोघरी नुकती केबल येत होती, आणि बडोद्यात हा खेळ कुणाच्या गावीही नव्हता. हातात बॅट बघून शेजारच्या सरलाबेन विचारायच्या, ‘आ शुं, क्रिकेट?’ मी म्हणायची, नाही हो, सॉफ्टबॉल. त्या म्हणायच्या, ‘हा, एटले क्रिकेट.’ कॉलेजात वरून फर्मान आलं की मुलींचा संघ उभा करा. आमचे सर मूळचे खो-खोचे. त्यांनी खो-खोच्याच पोरी उचलल्या आणि हातात ग्लव्ह घातले. तेही सगळ्यांना पुरायचे नाहीत. एकीनं काढायचा, दुसरीनं घामेजलेला तसाच घालायचा.

मी त्या संघात कशी? तर इंग्रजीमुळे. खेळायची बरी, पण खरं कारण ते. पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, बाबा प्राध्यापक, घरात भिंतभर पुस्तकं — आणि त्या सगळ्याचा माज माझ्या नाकावर. सर इंग्रजीला बिचकायचे. नियम सगळे इंग्रजीत. म्हणजे मैदानात सरांच्या खालोखाल मीच की!

आणि सुरेखा होती. वाघोडियाहून एसटीनं यायची. तिचे वाडवडील संस्थानच्या फौजेतले, वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर. आमच्या घरात अशा लोकांना ‘शिपाईगडी’ म्हणायची पद्धत होती. मीही म्हणायची. मोठ्यानं नाही, पण मनात म्हटलं तरी ते म्हटलंच की नाही? तिची मराठी निम्मी गुजराती — ‘ताई, समजव ने जरा.’ पण पळायला लागली की बघत राहावं. ह्या खेळात चार बेस असतात, चौथा घरचा; फिरून तिथं पोचलं की एक धाव. पहिल्या बेसवरून निघाली की दुसऱ्यावर कधी पोचली ते कळायचंसुद्धा नाही. संघात मी तिच्याहून एक वर्षानं मोठी, म्हणून ताई. माझं प्रत्येक वाक्य ती खरं मानायची. हे लक्षात ठेवा हं.

स्पर्धेआधी दक्षिणेकडून एक प्रशिक्षक आले होते, शिबिर घ्यायला. भराभर इंग्रजी बोलायचे, आणि मी शेजारी उभी राहून मुलींना ते गुजरातीत सांगायची. काय तोरा होता माझा! शेवटच्या दुपारी ते उंच उडालेल्या चेंडूबद्दल बोलत होते. मारणारीनं चेंडू उंच उडवला, तो झेलला गेला, ती बाद — इथवर समजलं. पुढची दोन-तीन वाक्यं मला कळली नाहीत. सपशेल डोक्यावरून गेली. आता विचारायचं की नाही, ‘सर, पुन्हा सांगाल?’ एवढंच तर विचारायचं होतं. पण मागे नेटपाशी क्रिकेटची मुलं उभी होती, आणि मी — देशमुखांची मृणाल — इंग्रजी समजलं नाही म्हणू? छे. मी ती वाक्यं गाळली. कुणाला पत्ता लागला नाही.

पण सुरेखाला प्रश्न पडला. संध्याकाळी आम्ही दोघी सामान पोत्यात भरत होतो. तिनं विचारलं, ‘ताई, झेल पकडला तर मारणारी आऊट. पण मी तिसऱ्या बेसवर उभी असेन, तर मी काय करू?’

नेमकं तेच होतं गाळलेलं. आणि मी काय केलं असेल? ठोकून दिलं. म्हटलं, ‘तुला काय त्याचं? आऊट झाली ती झाली. तू चेंडू उडाला की पळत सुटायचं.’

नियम बरोबर उलटा आहे. बेसवर उभ्या असलेल्या मुलीनं झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबायचं. झेल झाला की मग पळायचं. आधी पळाली, तर मागे येऊन बेसला पाय लावायला हवा. तेवढ्यात चेंडू त्या बेसवर पोचला, की तीही बाद. साधी गोष्ट. आज बारा वर्षांच्या पोरींना मी ती पाच मिनिटांत शिकवते.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, अहो, चूक झाली, कुणाची होत नाही? थांबा. चुकीबद्दल सांगायला मी बसलेच नाहीये.

कॉलेजांच्या विभागीय स्पर्धा त्या वर्षी बडोद्यातच होत्या. आम्ही — खो-खोच्या पोरी — धडपडत अंतिम सामन्यात पोचलो. कुणाला खरं वाटेना. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या दोन संघांचा सामना बघत मी बसले होते. एकीनं चेंडू उंच उडवला. तिसऱ्या बेसवरची मुलगी बेसला पाय टेकून थांबली, झेल झाला, आणि मग ती सुसाट सुटली. मला काही उमजेना. शेजारी दुसऱ्या गावचे एक पंच बसले होते, त्यांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी मराठीत.

म्हणजे मला कळलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या सयाजीगंजात सेवउसळ खायला गेलो. सुरेखा माझ्या शेजारीच होती. नाकातून पाणी येईस्तोवर तिखट खात होती आणि बडबडत होती. तिला व्यायामशिक्षिका व्हायचं होतं. शाळेत, शिट्टी गळ्यात घालून. राज्याच्या संघात नाव आलं तर त्या शिक्षणाला प्रवेश मिळण्यासारखा होता, आणि वडील म्हणाले होते, नाव आलं तर शिकवतो, नाही आलं तर माझ्या कारखान्यात पॅकिंगला चिकट. निवड करणारी मंडळी उद्या मैदानावर येणार होती. ‘ताई, उद्या मी अशी धावेन ने, बधे जण बघत राहतील,’ ती म्हणाली.

तेव्हा सांगायचं होतं. ‘सुरेखा, तुला मी चुकीचं सांगितलं गं, झेल होईपर्यंत थांबायचं असतं.’ एवढंच. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, अगदी जिभेवर. पण सगळ्या पोरी भोवती होत्या. त्याच सकाळी मी दुसऱ्या संघातल्या एका मुलीला नियमांवरून चार शब्द सुनावले होते, आमच्या पोरी माझं कौतुक करत होत्या — मग आताच कसं म्हणू की मला समजलं नव्हतं? मनात म्हटलं, नेमकं उद्याच असं कशाला होतंय? आणि अजून एक पाव मागवला.

नेमकं तसंच झालं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे. आमची एक बाद. सुरेखा तिसऱ्या बेसवर. बॅट भारतीच्या हातात, तिच्यानंतर माझा नंबर, म्हणून मी जवळच उभी. भारतीनं चेंडू मारला आणि तो उंच गेला, लांब, डाव्या कोपऱ्याकडे. सुरेखा नुसती थांबली असती आणि झेल झाल्यावर पळाली असती, तरी आरामात घरच्या बेसवर पोचली असती. तिला कोण अडवणार होतं? पण ती चेंडू उडताक्षणी निघाली.

मी ओरडू शकले असते. ‘मागे जा’ — दोन शब्द. अजूनही वेळ होता, चेंडू हवेत होता. दातखीळ बसली होती का? नाही हो. तोंड उघडं होतं माझं. ओरडले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मला नियम माहीत आहे, आणि मग प्रश्न आला असता — मग तिला का नाही सांगितला? एवढा हिशेब मी तेवढ्या वेळात केला. मला स्वतःचीच शिसारी येते ते आठवलं की.

सुरेखा घसरत घरच्या बेसवर पोचली. उठली, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागली. तिकडे झेल झाला होता, चेंडू तिसऱ्या बेसवर पोचला होता, पंचांचा हात वर गेला होता. भारती बाद, सुरेखा बाद, सामना संपला. समोरच्या संघाच्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि आमची सुरेखा मध्यभागी नाचत होती. तिला वाटलं, आपण बरोबरी केली. कुणीतरी तिचा दंड धरून तिला थांबवलं. लोक हसले. निवड करणारेही हसले.

सर लालबुंद होऊन माझ्याकडे आले. ‘मृणाल, आ नियम समजाव्यो हतो के नहीं?’

मी म्हटलं, ‘हो सर. सगळ्यांना समजावला होता.’

बाकीच्या पोरी खाली बघत राहिल्या. शिबिरात ढीगभर नियम झाले होते, प्रत्येकीला वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. मृणाल थोडीच चुकेल? सुरेखानं मात्र माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसती आठवत असल्यासारखी, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, ‘मीच विसरून गेली, सर.’

राज्याच्या संघात आमच्या कॉलेजातून एकीलाच घेतलं. मला. नियमांची जाण आहे म्हणाले. व्यायामशिक्षणाला मीच गेले. तोवर तसा विचारही माझ्या मनात नव्हता, पण दार उघडलं आणि मी आत शिरले. सुरेखानं वर्ष संपायच्या आत कॉलेज सोडलं. वाघोडियाला पॅकिंगला लागली, असं भारतीनं सांगितलं. मी म्हटलं, अरेरे.

मग खेळ वाढत गेला. खरंच वाढला. आधी विद्यापीठं, मग जिल्हे, मग शाळा. गुजरात-महाराष्ट्रातच नाही, पार दक्षिणेपासून ईशान्येपर्यंत मुली सॉफ्टबॉल खेळायला लागल्या. मी कॉलेजात शिकवायला लागले, पंच झाले, गावोगाव शिबिरं घेत हिंडले. बरं, शिबिरात हा नियम आला की पोरी पेंगायच्या. म्हणून मी एक गंमत सांगायची. ‘आमच्या संघात एक पोरगी होती. वाऱ्यासारखी पळायची, पण नियमाच्या नावानं बोंब...’ आणि मग तिचं ते नाचणं मी करून दाखवायची. हात वर करून, गोल फिरून. पोरी हसून लोळायच्या. नियम पक्का डोक्यात बसायचा. किती वर्षं सांगितली मी ती गंमत! कितीदा नाचले! नाव कधी घेतलं नाही, एवढीच माझी सभ्यता.

मग वाघोडियालाच शाळांच्या स्पर्धा भरल्या. तिथेही खेळ पोचला होता आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मंडप, खुर्च्या, पालक, गणवेशातल्या पोरी. माइक हातात आला आणि — सवयीनं — मी ती गंमत सांगितली. नाचूनही दाखवलं. टाळ्या पडल्या. मी खाली उतरले तर समोरून एक बाई नवऱ्याला हाताला धरून ओढत येत होती. मी आधी ओळखलंच नाही. अंगानं भरली होती, केस विरळ झाले होते.

‘ताई! मी सुरेखा!’ तिचा चेहरा नुसता फुलला होता. नवऱ्याकडे वळून म्हणाली, ‘अहो, ती नाचणारी पोरगी म्हणजे मीच ने! बघा, ताईंना अजून लक्षात आहे.’ आणि हसली — खरं हसली, टोमणा नव्हता त्यात. तिची पुतणी शाळेच्या संघात होती, तिला तीच घरी अंगणात शिकवायची. मग एकदम गंभीर झाली. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, ‘ताई, तू तर नीटच सांगितलं असशील. माझ्याच डोक्यात उलटं बसलं. माझ्यामुळे तुम्ही बध्या हरल्या. तेव्हा माफी मागायची पण राहून गेली.’

आजूबाजूला तिच्या पुतणीच्या वर्गातल्या पोरी उभ्या होत्या. तिचा नवरा होता. शाळेचे मुख्याध्यापक होते.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, ‘अगं वेडी आहेस का? एवढंसं मनात ठेवतात का कुणी? मी कधीच विसरले ते.’

तिचे डोळे भरून आले. तिनं वाकून मला नमस्कार केला, आणि मी तो घेतला.